बाराची लाइन

पावसाळ्यात लाइट बराच वेळ जाऊन परत आली की घरातले बाकीचे पंख्याखाली जाऊन बसतात आणि मी मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते. तिथं खिडकीखाली एक जुनं काळं कॅबिनेट आहे. आधी त्याचा पंखा मोठ्यानं फिरतो आणि मंदावतो. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पहिली हार्ड डिस्क सुरू होते: खर्जातून वर चढत जाणारा एक सूर, चढाच्या शेवटी बारीकसा ‘टक्’, आणि सूर एका जागी येऊन थांबतो. तो थांबला की दुसरी. तिच्यामागून तिसरी. आठही सुरू होईपर्यंत स्वयंपाकघरात कुकरची एखादी शिट्टी होऊन जाते. आठांतल्या दोन थोड्या सावकाश फिरणाऱ्या आहेत, त्यांचा सूर बाकीच्यांच्या जरासा खाली राहतो. दोन्ही सूर एकत्र आले की खोलीतली हवा हलकेच फुगते आणि ओसरते असं वाटत राहतं.

“उठल्या का गं सगळ्या?” आई आतून विचारते.

मी मनात मोजत असते. एखादी उठली नाही तर ते स्क्रीनवर दिसण्याआधी कानाला कळतं. ती चढायला बघते, मध्येच अडते, टकटक करून पुन्हा पहिल्यापासून चढायला लागते. तो आवाज फार क्वचित ऐकला आहे, पण एकदा ऐकला की विसरत नाही.

या आठ डिस्कांत बहुतेक अण्णांचं काम आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात आले. नाशिकात तेव्हा लग्नाची कॅसेट ही नवी हौस होती. खांद्यावर कॅमेरा, कमरेला बॅटरीचा पट्टा, मागं हॅलोजनचा दिवा उंच धरून चालणारा पोरगा, आणि शाळेला सुट्टी असली तर त्या पोराच्या मागं वायर गुंडाळत येणारी मी. लग्नं, मुंजी, बारशी, साठीशांती. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, रंगाच्या त्या हौदात, धपाधप उड्या टाकणारी पोरं. चैत्रातल्या एकादशीला निघणारे रामाचा आणि गरुडाचा रथ, आणि रथाच्या दोरांना लागलेले हात. २००३ च्या सिंहस्थातली रामकुंडावरची पहाट. अण्णा स्वतः यातल्या एकाही चित्रात नाहीत. त्यांचा आवाज मात्र सगळीकडं आहे. “मामा, अंतरपाट जरा खाली घ्या,” “वहिनी, इकडं बघा,” “अहो, हसा की थोडं.” एखादी कॅसेट चढवताना मी कामात असले तरी त्या आवाजाला हात थांबतात.

गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, जुन्या गावात, भांडी बाजाराच्या बाजूला, त्यांची तळमजल्याची खोली होती. कॅसेटी तिथं लाकडी फळ्यांवर ठेवलेल्या असायच्या. गंगेला पाणी वाढलं की नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडं बघतात. गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, असा आमचा पूर मोजला जातो. सप्टेंबर २००८ मध्ये मारुती बुडाला आणि पाणी बाजारात शिरलं. खालच्या दोन फळ्या चिखलात गेल्या. व्हीएचएस कॅसेटीच्या पाठीला पाच स्क्रू असतात. ते काढून, झाकण उचलून, फिरक्या बाहेर घेऊन आम्ही घरभर वर्तमानपत्रांवर वाळत घातल्या होत्या. कडेकडेनं पांढरी बुरशी धरलेली ती काळी फीत कापसाच्या बोळ्यानं पुसताना अण्णा काही बोलत नव्हते. काही कॅसेटी वाचल्या, काही गेल्या. त्या दिवसांतच हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं असं आमच्यात ठरलं.

कॅसेटीवरचं चित्र उतरवायला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तास चालवावीच लागते. अण्णांच्या पुढच्या काळातल्या छोट्या मिनी डीव्ही कॅसेटी तासाला सुमारे १३ जीबी जागा घेतात, म्हणजे सेकंदाला साडेतीन एमबीच्या वर. आयबीएमनं १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या आसपास होतं, आणि एवढ्यावर ५० लाख अक्षरं मावायची. त्या कपाटाएवढ्या यंत्रात अण्णांच्या सिंहस्थातला जेमतेम एक सेकंद बसला असता: एका साधूनं ओंजळ वर नेली, आणि पाणी खाली पडायच्या आधी यंत्र भरलं.

एक डिस्क भरली, मग दुसरी. सुरुवातीला त्या वेगवेगळ्या डब्यांत होत्या, प्रत्येकीचा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर, आणि टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्डांची रांग. पुढं जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट मोकळं करून सगळ्या एका घरात आणल्या. बोर्डावर जोडायला जागा सहाच होत्या, म्हणून एक कार्ड बसवलं. आठांपैकी कुठल्याही दोन बंद पडल्या तरी उरलेल्यांवरून गेलेलं पुन्हा उभं करता येईल, अशी मांडणी केली. या मांडणीची एक अडचण होती. एकदा बांधलेल्या गटात मागाहून एकच डिस्क वाढवता यायची नाही; वाढवायचं तर नवा गट करा किंवा सगळं दुसरीकडं हलवून पुन्हा बांधा. मी ज्यावर हे सगळं ठेवते त्या ओपनझेडएफएस या प्रणालीच्या २.३ आवृत्तीत, जानेवारी २०२५ मध्ये, ती सोय आली. हे काम किती वर्षं चाललं होतं ते मी लांबून बघत आले होते. ज्यांनी ते केलं, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. आधीचं जागच्या जागी ठेवून त्यात एकाची भर घालणं हे सगळ्यात अवघड काम असतं, हे मला घर चालवतानाही जाणवत आलं आहे.

पण जागा वाढवण्याचा खरा प्रश्न मला एम. जी. रोडवरच्या एका दुकानात कळला. मी मोठा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, घ्यायला गेले होते. दुकानातल्या दुरुस्ती करणाऱ्या माणसानं माझ्याकडं असलेल्या डिस्कांची संख्या विचारली आणि म्हणाला, “ताई, डब्यावरचे वॉट सोडा. बाराची लाइन वाचा.”

एसएमपीएसच्या पाठीवर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यावर ३.३, ५ आणि १२ व्होल्ट अशा लाइनी आणि प्रत्येकीवर किती अँपियर मिळतील ते लिहिलेलं असतं. हार्ड डिस्कचं डोकं, म्हणजे तिचं सर्किट, पाचच्या लाइनवर चालतं. तिची मोटर बाराच्या. आणि मोटरचं दुखणं असं, की स्तब्ध असलेल्या चकत्यांना गती द्यायला जेवढं बळ लागतं, तेवढं ती गती टिकवायला लागत नाही. मोठ्या डिस्कला सुरू होताना बाराच्या लाइनवर दीड-दोन अँपियर लागतात. एकदा मिनिटाला ७२०० फेऱ्यांची लय सापडली की तिला सगळं मिळून पाच ते आठ वॉट पुरतात. आठ डिस्का एका क्षणी उठल्या तर १६ अँपियर, म्हणजे १९० वॉटच्या घरात, आणि तेही फक्त काही सेकंद. ते काही सेकंद निभावले तर पुढं महिनोन्‌महिने साठ-पासष्ट वॉटांत सगळं सुखानं चालतं.

त्या माणसानं खण उघडून मला एक जळका कनेक्टर दाखवला. एसएमपीएसमधून निघणाऱ्या जाड मोलेक्सच्या चार तारा: पिवळी बाराची, लाल पाचची, मधल्या दोन काळ्या. त्यांना जोडलेलं चपटं साटा टोक. ते टोक प्लॅस्टिक ओतून बनवलेलं होतं. ओततानाच आतल्या तारा जागच्या सरकल्या असाव्यात, म्हणून पिवळी आणि तिच्याशेजारची काळी यांच्यामधलं प्लॅस्टिक हळूहळू भाजत गेलं होतं. एका कडेला ते तपकिरी, मग काळं, मग बुडबुडे येऊन कडक झालेलं. नखानं टोकरलं तर भुगा पडत होता. वास अजून होता. “हे असलं घेऊच नका,” तो म्हणाला. दुसरं टोक त्यानं हातात दिलं. त्यात प्रत्येक तार आपापल्या खाचेत दाबून बसवलेली, पाठीचं झाकण उघडलं तर चारही तारा वेगळ्या दिसणाऱ्या. मग त्यानं साटाच्या पंधरा पिना मोजून दाखवल्या. बाराच्या वाट्याला तीन, एकेकीला दीड अँपियर झेपतो, म्हणजे एका टोकातून साडेचारच्या वर काढायचं नाही. “एका साटातून चार फाटे काढून लोक चार डिस्का लावतात. चालतात की. चालू असताना काहीच होत नाही. होतं ते सुरू होताना.”

त्याचं बोलणं ऐकताना मला दिंडोरीकडच्या मामाच्या शेतावरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आठवली.

मामाची द्राक्षबाग आहे. भारनियमनाच्या वर्षांत शेताची वीज ठरलेल्या तासांना यायची, कधी रात्री दोनला. तेवढ्यासाठी कोण उठून विहिरीवर जाणार, म्हणून सगळ्यांनी मोटारींना ऑटो स्विच लावले होते. वीज आली की मोटर आपोआप सुरू. एकाची नव्हे, त्या डीपीवरच्या यच्चयावत मोटारी एका क्षणी. दिव्यावरून लाइट आल्याचं कळायचं आणि पुढच्याच क्षणी फ्यूज उडाल्याचा आवाज. कधी फ्यूजवर भागायचं, कधी डीपीच जळायची. मग ऐन फुगवणीत बागा आठ-आठ दिवस पाण्यावाचून. पुढं मामा आणि त्याच्या शेजाऱ्यांनी बसून पाळी लावली: वीज आली की आधी वरच्या अंगाचे, मग ओढ्याकडचे, मग खालचे, मध्ये थोडं थोडं अंतर ठेवून. मामा मला सांगायचा, “अगं, चालू मोटारी डीपी आरामात ओढते. तिला मारतं ते सगळ्यांचं एकदम उठणं.”

माझ्या कार्डात तशी पाळी लावायची सोय होती. एक सुरू झाली, स्थिरावली, की मग दुसरीला हुकूम. तेव्हापासून त्या एकामागून एक उठतात. मोठा एसएमपीएस मी घेतलाच नाही. होता त्याचीच बाराची लाइन पुरली. मामाला फोन करून हे सांगितलं तेव्हा त्याला मनापासून आनंद झाला. डिस्क म्हणजे काय ते त्याला मी कधी नीट समजावलेलं नव्हतं, पण ती एक मोटर आहे आणि तिला पाळी लागते, एवढ्यावर आमचं पूर्ण एकमत झालं.

जागा चालती ठेवण्याचा एक जुना हिशेब मला डोंगरावर भेटला. भाच्याला घेऊन एका रविवारी पांडवलेण्यांवर गेले होते. त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथून पायऱ्या चढून वर. लहानपणी आम्ही इथं सहलीला यायचो ते वरून गाव बघायला. आता मात्र मी दहाव्या लेण्याच्या ओसरीत बराच वेळ उभी राहते. दाराच्या वरच्या अंगाला ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत, प्राकृतातल्या, सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या. कोरून घेणाऱ्याचं नाव उषवदात: क्षहरात क्षत्रप नहपान राजाचा जावई, दीनिकाचा मुलगा. त्यानं हे लेणं चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलं, ते लेखात दिलेल्या वर्ष ४२ च्या वैशाखात.

लेणं दिल्याचं सांगून लेख थांबत नाही. उषवदातानं त्याबरोबर ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली, म्हणजे कधीही न मोडायची ठेव. गोवर्धनात राहणाऱ्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं ती ठेवली. हे गोवर्धन आजही आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर. एका श्रेणीकडं २०००, महिना शेकडा एक टक्का व्याजानं. दुसरीकडं १०००, महिना पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वरच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. मी पायऱ्या उतरताना भाच्याला हिशेब घालायला लावला. दोन हजारांचं महिन्याचं व्याज वीस, वर्षाचं दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. बरोबर जुळतं. एक कार्षापणही वर नाही की खाली नाही. ज्या माणसानं हा आकडा काढला, त्यानं किती पावसाळे डोळ्यांपुढं आणले असतील.

डोंगर पोखरून जागा करणं हे किती मोठं काम. पण त्या जागेत पुढच्या पावसाळ्यात कोणी राहायचं असेल तर त्याच्या अंगावर कापड लागेल, आणि कापड दरवर्षी लागेल, हे ज्याला सुचलं त्याच्याबद्दल मला आपलेपणा वाटतो. माझ्याकडं येणारे लोक विचारतात, “किती टीबी आहे?” साहजिक आहे, डब्यावर तेच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. वर्षाला युनिट किती लागतात, बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागते, कुठली डिस्क म्हातारी झाली, हे कोणी विचारत नाही. पासष्ट वॉट म्हणजे दिवसाला दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस-सत्तेचाळीस. ती आमची चीवरं आहेत. हे बिल भरलं जाईल तोवर अण्णांचा आवाज ऐकू येईल.

त्या लेखात आणखी एक वाक्य आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त धरून ठेवतं. ही सगळी व्यवस्था निगमसभेत वाचून दाखवली आणि रिवाजाप्रमाणे फलकवारात, म्हणजे नोंदींच्या कचेरीत फलकांवर, नोंदवली, असं उषवदात सांगतो. म्हणजे नोंदी दोन होत्या. कामाची नोंद गावात, फलकांवर. व्याज चुकलं तर दाखवायला, भांडण झालं तर उघडायला. दुसरी डोंगरावर, दगडात. गावातले ते फलक कधी कुजले, कधी जळाले, कुठल्या पुरात वाहून गेले, काही माग नाही. ते होते एवढंसुद्धा आपल्याला दगडानंच सांगितलं. रोज हाताळली जाणारी प्रत गेली आणि जिला कुणी हात लावत नव्हतं ती राहिली. मी त्या ओसरीतून घरी आले आणि त्याच आठवड्यात सगळ्या कामाची दुसरी प्रत काढायला घेतली. ती मामाकडं आहे, दिंडोरीला, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, कापडात आणि त्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. तिथं गंगा पोचत नाही.

खाली उतरल्यावर फाळके स्मारकापाशी थांबलो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, नाशिकला स्थायिक झालेले आणि १९४४ मध्ये इथंच वारलेले दादासाहेब फाळके. नव्वदाहून अधिक चित्रपट त्यांनी केले, त्यांतले आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुतेक तुकड्यातुकड्यांनी, बघायला मिळतात. त्या काळची नायट्रेटची फीत जपायला कठीण; उष्णतेनं ती आपली आपणच सडते, चिकटते, आणि ठिणगी लागली तर पाण्यातसुद्धा विझत नाही. जे उरलं त्यातलं काही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवलं. म्हणजे मधली कितीतरी वर्षं ती रिळं कुणाच्या तरी घरात होती. संग्रहालय १९६४ चं. त्याआधीची वीस वर्षं जे जपलं ते घरानं. कुणीतरी दिवाळीच्या साफसफाईत ती हलवली असतील, पुसून परत ठेवली असतील, “हे काढून टाकू का?” असं विचारणाऱ्याला नको म्हटलं असेल. त्या माणसांची नावं कुठल्या श्रेयनामावलीत नसतात. मला वाटतं, असावीत.

पंचवटीत आमच्या उपाध्यांकडच्या वह्या मी अशाच भक्तीनं बघते. लाल कापडात बांधलेल्या, लांबट. पणजोबा काशीयात्रेहून परत येताना इथं थांबले होते, त्यांची मोडीतली सही त्यात आहे. उपाध्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि थोड्याच वेळात ते पान समोर आलं. वह्या भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून उंच ठेवलेल्या. पुरात आधी काय उचलायचं हे त्यांच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे.

आमच्याकडं पाण्यापेक्षा विजेचा घोर जास्त. इन्व्हर्टर घरात होताच, पण लाइट गेल्यापासून तो सुरू होईपर्यंत जी फट पडते ती माणसाला दिसत नाही आणि एसएमपीएसला सोसत नाही. तो सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, बस. म्हणून मध्ये यूपीएस. लाइट गेली की यूपीएस एका तारेवरून सर्व्हरला कळवतो, सर्व्हर काही मिनिटं वाट बघतो, लाइट आली नाही तर हातातलं लिखाण पुरं करून डिस्का एकेक करून थांबवतो. थांबणंही शिस्तीत व्हावं लागतं. चकतीवर लिहिणारं टोक केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी उंचीवर तरंगत असतं. थांबताना ते सावकाश बाजूच्या उतरणीवर जाऊन बसतं. तोच तो ‘टक्’, उलट्या बाजूनं.

मे महिन्यात मागची खोली भट्टी होते. दुपारी डिस्का हाताला चटका देतात. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या कामाची अक्षर न्‌ अक्षर तपासणी, जिला स्क्रब म्हणतात, ती मी उन्हाळ्यात रात्री लावते. जिथं एखादा ठिपका बदललेला सापडतो तिथं बाकीच्या डिस्कांवरून तो दुरुस्त होतो. पहाटे उठून निकाल बघायचा. बहुतेक वेळा दुरुस्तीचा आकडा शून्य असतो. एकदा तो शून्य नव्हता. कुठली फाइल ते पाहिलं तर भद्रकालीतल्या एका मुंजीतलं, भिक्षावळीचं चित्र. मी ते पूर्ण बसून पाहिलं. त्यातला बटू आता कुठं असेल मला ठाऊक नाही. त्याच्या ओंजळीतला लाडू जागेवर होता.

गेल्या वर्षापासून मी पतसंस्थेत एक आरडी काढली आहे. मुदत संपली की त्या पैशातून जुनी डिस्क बदलायची आणि उरतील त्यातून यूपीएसची बॅटरी. आईनं पासबुक पाहिलं, कशासाठी ते विचारलं, आणि तिनं तिच्या पेन्शनीतून दरमहा थोडे त्यात घालायला सुरुवात केली. “तुझे अण्णा कधी स्वतःसाठी काही ठेवत नव्हते,” एवढंच म्हणाली. दुपारी तिला झोप आली नाही तर ती टीव्हीवर सर्व्हरमधलं काही लावायला सांगते. लग्नं तिला आवडत नाहीत, सगळी सारखी असतात म्हणते. रथाची मिरवणूक आवडते. गर्दीतली माणसं ओळखत बसते आणि जी गेली त्यांच्या नावाला हात जोडते.

लोक येतात. कुणाला वडील चालताना बघायचे असतात, कुणाला जुन्या वाड्याचा जिना. फोटो असतात त्यांच्याकडं, पण फोटोत चालणं नसतं, आवाज नसतो. एकजण फक्त आजीची हाक ऐकायला आला होता. ती पंगतीत कुणाला तरी वाढायला बोलावते, दोन शब्द. मी तेवढा तुकडा त्याला काढून दिला. पुढचा सिंहस्थ आता तोंडावर आला आहे, २०२७ मध्ये रामकुंडावर पुन्हा ती गर्दी होईल, आणि ती लाखो मोबाइलांत उतरेल. त्यातलं थोडं आमच्याकडंही येईल. म्हणून नववी डिस्क घ्यायची आहे. बाराच्या लाइनवर तेवढी जागा आहे, मी तक्ता पुन्हा वाचला.

मागच्या महिन्यात पंचवटीतून एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या. त्यांच्या लग्नाचं शूटिंग अण्णांनी केलेलं. ते आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ते काढून टाकता येईल का. कारण मी विचारलं नाही. त्यांच्या समोर फाइल शोधली, त्यांना दाखवली. त्यांनी पाहायचं नाही म्हणून मान फिरवली. मी ती पुसली. मग जे खरं ते सांगितलं, की एक प्रत गावाकडं कपाटात आहे, पुढच्या खेपेला जाईन तेव्हा तीही पुसेन.

“ती कुणी लावतं का?” त्यांनी विचारलं.

“नाही. नुसती ठेवलेली असते. तिला वीजही दिलेली नाही.”

त्यांनी जरा विचार केला. “मग असू द्या,” म्हणाल्या.

बरीच वर्षं बंद राहिलेली डिस्क पुढं सुरू होईलच असा भरवसा नसतो, हेही मी त्यांच्या कानावर घातलं. त्यावर “चालेल” म्हणाल्या, पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढला आणि मुलीच्या बारशाची कॅसेट तेवढी त्यावर मागितली.